आरोग्याची माहिती पुढे पाठवण्याआधी: कधीची, कोणाची आणि कोणासाठी?

ओंजळ

सार्वजनिक आरोग्यात काम करणाऱ्यांसाठी हा धागा काढते आहे. परिचारिका, घरोघर फिरणाऱ्या आरोग्यसेविका, साथरोगांवर नजर ठेवणारे, लसीकरणाच्या नोंदी ठेवणारे, प्रशिक्षण देणारे, सगळ्यांनी लिहावं. भरवशाची माहिती नेटवर शोधायची कुठे, तपासायची कशी आणि (मला हे सगळ्यात अवघड वाटतं) पुढे पाठवायची कशी, एवढाच विषय.

मी बरीच वर्षं प्रशिक्षणाचं काम करते. खोटी माहिती ओळखायचे तक्ते आपण सगळ्यांनी पाहिलेत. पण खोट्या माहितीइतकाच घोळ एके काळी खरी असलेली माहितीही घालते. तिच्यावर मोठ्या संस्थेचं नाव असतं, भाषा शास्त्रीय असते, आकडे असतात, त्यामुळे कोणाला शंकाच येत नाही. ती फक्त शिळी झालेली असते.

ओआरएसचंच बघा. 'जागतिक आरोग्य संघटनेचा फॉर्म्युला' म्हणून एक तक्ता अजूनही फिरताना दिसतो: एक लिटर पाण्याला सोडियम क्लोराइड 3.5 ग्रॅम आणि ग्लुकोज 20 ग्रॅम. हा तक्ता बनावट नाही. कित्येक वर्षं अधिकृत प्रमाण हेच होतं आणि त्या द्रावणाने असंख्य मुलं वाचवली. त्याची ऑस्मोलॅरिटी, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या कणांचं प्रमाण, 311 होती. पुढे अभ्यासांतून दिसलं की द्रावण थोडं सौम्य केलं तर मुलांच्या उलट्या कमी होतात, जुलाबाचं प्रमाण घटतं आणि सलाइन लावायची वेळ कमी येते. म्हणून सोडियम क्लोराइड 2.6 ग्रॅमवर आलं, ग्लुकोज 13.5 ग्रॅमवर आणि ऑस्मोलॅरिटी 245 वर. 2004 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने संयुक्त निवेदन काढून हे सौम्य द्रावण आणि त्याच्या जोडीला झिंक द्यायला सांगितलं.

गोष्ट तिथेही थांबत नाही. त्या निवेदनात झिंकचा डोस रोज 20 मिलिग्रॅम, 10 ते 14 दिवस, आणि सहा महिन्यांखालच्या बाळाला 10 मिलिग्रॅम असा होता. 2020 मध्ये भारत आणि टांझानियातल्या मुलांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. 5 किंवा 10 मिलिग्रॅमचा परिणाम 20 पेक्षा कमी पडत नाही आणि औषध घेतल्यावर होणाऱ्या उलट्या घटतात, असं त्यात दिसलं. म्हणजे 2004 चा आकडासुद्धा डोळे मिटून पुढे पाठवण्यासारखा राहिला नाही. आपल्या कार्यक्रमाच्या चालू पुस्तिकेत आज काय छापलंय, ते उघडून बघावंच लागतं.

अशी उदाहरणं बरीच आहेत. केवळ स्तनपान 'चार ते सहा महिने' असं सांगणारी पानं अजून सापडतात, आणि सहा महिने पूर्ण, ही जागतिक शिफारस तर 2001 पासूनची आहे. गरोदरपणात किमान चार तपासण्या म्हणणारी पत्रकं 2016 च्या आधीची, कारण त्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने आठ भेटींची शिफारस केली.

म्हणून कोणतंही पान, पीडीएफ किंवा संदेश हातात आला की मी तीन गोष्टी बघते. कधीची? कोणाची? कोणासाठी? तिसऱ्याकडे दुर्लक्ष फार होतं. अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांसाठी लिहिलेली सूचना घरी काळजी घेणाऱ्या आईपर्यंत पोचते, मोठ्या माणसाचा डोस लहान मुलाला लावला जातो, आणि मूळ लेखात चूक काहीच नसते.

आणखी एक. काही आरोग्य संकेतस्थळांच्या तळाशी 'हॉनकोड'चं चिन्ह दिसतं. जिनिव्हाची हेल्थ ऑन द नेट ही संस्था 1996 पासून हे मानांकन चालवायची आणि त्यामागे तपासणी असायची. 2022 च्या अखेरीस ती संस्थाच बंद झाली. चिन्ह काही ठिकाणी अजून तसंच लटकलंय, पण त्यामागे आता तपासणारं कोणी नाही. शिक्का बघून विश्वास ठेवायची सवय असेल तर हे लक्षात असू द्या.

माझा शोधायचा क्रम असा: आधी ज्या कार्यक्रमात काम करतो त्याची चालू मार्गदर्शिका. तिथे उत्तर नसेल तर जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं आणि आजारांवरची माहितीपत्रकं. एखादा उपाय खरंच चालतो का, असा प्रश्न असेल तर कॉक्रेन या संस्थेचे आढावे, एका उपायावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासणारे. प्रत्येक आढाव्याला सोप्या भाषेतला सारांश जोडलेला असतो. रुग्णाच्या घरच्यांना समजावायचं असेल तर मेडलाइनप्लस, हे सोप्या भाषेतलं आरोग्य संकेतस्थळ. आणि जिथे नेटवर्क मिळत नाही तिथे एमएसएफच्या, म्हणजे सीमेपलीकडच्या डॉक्टरांच्या संघटनेच्या, उपचार मार्गदर्शिकांचं मोफत ॲप. एकदा उतरवून घेतलं की नेटशिवाय उघडतं.

पाठवण्याचा माझा नियम एकच आहे आणि त्यावर मी हट्टी आहे: स्क्रीनशॉट पाठवायचा नाही. स्क्रीनशॉट काढला की तारीख, दुवा आणि 'हे कोणासाठी आहे' ती ओळ, या तिन्ही गोष्टी कापल्या जातात. उरतो तो मोठ्या अक्षरातला आकडा, आणि तो पुढची दहा वर्षं फिरतो. दुवा पाठवा, प्रसिद्धीचं वर्ष लिहा, कोणासाठी आहे ते एका ओळीत लिहा.

आता तुम्ही सांगा.

टिपणवही

+१. वाचनखूण साठवली.

'एके काळी खरी' याच्या शेजारी आणखी एक खण हवा: 'एका विशिष्ट ठिकाणी खरी'. एकटे असताना हृदयविकाराचा झटका आला तर जोरजोरात खोकत राहा, जीव वाचेल, हा संदेश सगळ्यांनाच आला असेल. त्याचं मूळ खरोखरच्या संशोधनात आहे. 1976 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक लेख आला होता. हृदयाच्या कॅथेटर तपासणीच्या टेबलावर असलेल्या रुग्णांच्या हृदयाचे ठोके बिघडले, डॉक्टरांनी त्यांना खोकायला सांगितलं आणि त्या खोकण्याने रक्ताभिसरण थोडा वेळ टिकलं. तिथे मॉनिटर लावलेला, विजेचा धक्का देणारं यंत्र हाताशी, डॉक्टर समोर. गाडीत एकट्या बसलेल्या माणसाला यातलं काय मिळणार? झटका आलाय का हेही त्याला कळणार नाही, आणि तो खोकत बसेल तेवढा वेळ मदतीला फोन करायचा राहील. अमेरिकन हार्ट असोसिएशनने हा उपाय लोकांना शिकवू नका असं स्पष्ट सांगितलंय.

मी हा संदेश प्रशिक्षणात मुद्दाम घेते. 'हे खोटं आहे' एवढंच म्हटलं तर लोक वाद घालतात. मूळ प्रसंग कुठला होता ते सांगितलं की शांतपणे ऐकतात.

साधाप्रश्न

धागा फार उपयोगी आहे. एक शंका. मी काही संशोधन वाचणारी नाही, माझं काम घरभेटींचं. नवीन संकेतस्थळ समोर आलं तर ते चांगलं की नाही हे माझ्यासारखीने कसं ओळखायचं? 'आमच्याविषयी' हे पान बघा म्हणतात, पण तिथे सगळेच स्वतःविषयी चांगलंच लिहितात.

ग्रंथजाल

@साधाप्रश्न, तुमची शंका अगदी नेमकी आहे, आणि तिच्यावर अभ्यासही झालाय.

स्टॅनफर्डचे सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी 2017 मध्ये मांडलेलं काम. त्यांनी इतिहासाचे प्राध्यापक, विद्यापीठातले हुशार विद्यार्थी आणि बातम्यांतली तथ्यं तपासणारे व्यावसायिक अशा तिघांना तीच संकेतस्थळं दिली. त्यातली एक जोडी आपल्याच विषयातली होती: अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्स आणि अमेरिकन कॉलेज ऑफ पीडिॲट्रिशियन्स. पहिली 1930 पासूनची, हजारो बालरोगतज्ज्ञांची संघटना. दुसरी 2002 मध्ये वेगळी झालेली, विशिष्ट सामाजिक भूमिका घेऊन चालणारी छोटी संस्था. पानं दोघांचीही नीटनेटकी, भाषा दोघांचीही वैद्यकीय. प्राध्यापक आणि विद्यार्थी त्या पानावरच वरखाली करत राहिले, मांडणी बघत राहिले, आणि बऱ्याच जणांना दुसरी संस्था तितकीच किंवा जास्त भरवशाची वाटली. तथ्य तपासणाऱ्यांनी काय केलं? पान जवळपास वाचलंच नाही. लगेच शेजारी नवे टॅब उघडले आणि या संस्थेबद्दल इतर लोक काय म्हणतात ते शोधलं. थोड्याच वेळात त्यांना फरक कळला.

तर संकेतस्थळावर राहून संकेतस्थळ तपासू नका. बाहेर पडा, संस्थेचं नाव शोधा, पैसा कुठून येतो बघा, दुसरं कोणी तिचा हवाला देतं का बघा. यासाठी संशोधन वाचता येण्याची गरज नाही.

आणि ज्यांना वाचायचंय त्यांच्यासाठी: पबमेड ही वैद्यकीय लेखांची शोधसूची 1996 पासून आहे, सगळ्यांना मोफत आहे आणि त्यात आता साडेतीन कोटींहून जास्त नोंदी आहेत. इतक्या पसाऱ्यात नुसता शब्द टाकून काही हाती लागत नाही. डावीकडच्या गाळण्या वापरा: 'सिस्टिमॅटिक रिव्ह्यू' निवडा, 'फ्री फुल टेक्स्ट' निवडा, मागची पाच वर्षं निवडा. हजारो नोंदींची यादी पाचपंचवीसवर येते. एखादा लेख पैशांमागे बंद असेल तर पूर्ण लेख मोफत ठेवणाऱ्या पबमेड सेंट्रलवर बघा, नाहीतर लेखकाला सरळ दोन ओळींची मेल करा. बहुतेक जण आनंदाने प्रत पाठवतात. कमी उत्पन्नाच्या देशांतल्या संस्थांसाठी 2002 पासून हिनारी आहे. त्यात हजारो नियतकालिकं मोफत किंवा अगदी कमी शुल्कात वाचता येतात, पण नोंदणी संस्थेच्या नावाने करावी लागते, वैयक्तिक होत नाही. आपली संस्था पात्र आहे का, हे ग्रंथपालाला विचारून ठेवा. कित्येक ठिकाणी नोंदणी झालेली असते आणि पासवर्ड कोणाला ठाऊकच नसतो.

मोजपट्टी

आकड्यांबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो.

ऑक्टोबर 1995 मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने इशारा दिला की तिसऱ्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. डॉक्टरांना पत्रं गेली, बातम्या झळकल्या. 'दुप्पट' हे खरंच होतं. पण आधीच्या गोळ्यांनी 7000 बायकांमध्ये एकीला गुठळी व्हायची, नव्या गोळ्यांनी दोघींना. वाढ झाली ती 7000 मागे एकीची. हा दुसरा आकडा लोकांपर्यंत पोचलाच नाही. घाबरून कित्येक जणींनी गोळ्या बंद केल्या. नको असलेली गरोदरपणं वाढली आणि पुढच्या वर्षात इंग्लंड आणि वेल्समध्ये अंदाजे 13,000 गर्भपात जास्त झाले. वर हेही लक्षात घ्या की गरोदरपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो.

कोणी खोटं बोललं नव्हतं, तरी हे झालं. म्हणून 'दुप्पट', 'निम्मा', 'इतके टक्के कमी' असं काहीही पाठवण्याआधी 'किती जणांमागे किती' हे शोधा. सापडलं नाही तर तो संदेश पाठवू नका. हे मी फार गांभीर्याने म्हणतोय, कारण दारात उभ्या असलेल्या बाईला टक्के सांगितले की ती स्वतःला त्या टक्क्यांतच धरते.

उंबरठा

सगळं पटतंय, पण मैदानातली अडचण सांगते. आम्हाला सूचना वरून येते. ती एक सांगते, जागतिक आरोग्य संघटनेचं पान दुसरं सांगतं. हा धागा वाचून उद्या एखादी आरोग्यसेविका घरी जाऊन म्हणाली की आमची पुस्तिका जुनी आहे, नेटवर वेगळं लिहिलंय, तर? त्या घराचा दोन्हींवरचा विश्वास उडेल.

ओंजळ

@उंबरठा, फार महत्त्वाचं लिहिलंत. मी धाग्यात हे आधीच लिहायला हवं होतं इतकं महत्त्वाचं.

कामात पाळायची ती कार्यक्रमाची चालू सूचनाच. त्याला कारण आहे. जागतिक शिफारस सगळ्या देशांसाठी असते. तिथे कोणती औषधं मिळतात, कोणत्या जंतूंवर कोणतं औषध चालेनासं झालंय, किती माणसं कामाला आहेत, हे बघून देश आपली सूचना ठरवतो. दोन्हींत फरक दिसला म्हणजे एक चूक असलीच पाहिजे असं नाही.

फरक दिसला तर तो घरी न्यायचा नाही, वर न्यायचा. लेखी. 'आपल्या पुस्तिकेच्या अमुक पानावर असं आहे, अमुक वर्षाच्या मार्गदर्शिकेत असं आहे, आम्ही काय सांगावं?' असा साधा प्रश्न, दोन्ही दुव्यांसकट. दोन ओळींत उत्तर येऊ शकेल असा प्रश्न असला की उत्तर यायची शक्यता वाढते.

शिफारशीचं वजनही बघायला शिकावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकांत प्रत्येक शिफारशीपुढे ती ठाम आहे की सशर्त, आणि पुरावा किती खात्रीचा आहे (उच्च, मध्यम, कमी, अतिशय कमी) हे लिहिलेलं असतं. सशर्त शिफारस आणि कमी खात्रीचा पुरावा असेल तर देशोदेशी वेगळं दिसणारच.

नवी_नोंद

आता सगळे चॅटबॉटला विचारतात, त्याबद्दल लिहा ना कोणीतरी. आमच्यातली तरुण मंडळी तर दुसरं काही उघडतच नाहीत.

ग्रंथजाल

चॅटबॉट कधी कधी नसलेले लेख 'संदर्भ' म्हणून देतो. नियतकालिकाचं नाव खरं, लेखक खरे वाटतील असे, वर्ष, पान क्रमांक सगळं व्यवस्थित, आणि तो लेख जगात कुठेच नसतो. त्यामुळे त्याने दिलेलं शीर्षक जसंच्या तसं पबमेडमध्ये टाकून बघा. सापडलं नाही तर ते उत्तर तिथेच सोडा. सापडलं तर सारांश उघडून त्यात खरंच तसं म्हटलंय का ते बघा, कारण लेख खरा आणि निष्कर्ष उलटा, असंही होतं.

माझ्या मते त्याचा चांगला उपयोग म्हणजे शोधशब्द सुचवून घेणं. आजाराची वैद्यकीय नावं, पर्यायी नावं काढून घ्यायची आणि पुढचा शोध आपण करायचा. डोस मात्र त्याला विचारायचा नाही. रुग्णाचं नाव किंवा अहवाल तर त्यात कधीच टाकायचा नाही.

लेख सापडला म्हणजे झालं असंही समजू नका; तो मागे घेतलेला नाही ना, हे बघा. लसीचा आणि स्वमग्नतेचा संबंध सुचवणारा, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला लेख 1998 चा, अवघ्या 12 मुलांवरचा. 2010 मध्ये तो मागे घेतला गेला आणि मुख्य लेखकाचा वैद्यकीय परवानाही त्याच वर्षी गेला, तरी हवाला अजून दिला जातो. 2020 मध्ये कोविडवर वापरल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधावरचा लेख लॅन्सेटमध्येच 22 मे रोजी आला आणि 4 जूनला मागे घेतला गेला. मधल्या काळात जागतिक आरोग्य संघटनेने त्या औषधाची आपली चाचणी काही दिवस थांबवलीसुद्धा होती. पबमेडवर मागे घेतलेल्या लेखाच्या डोक्यावर ठळक सूचना असते. रिट्रॅक्शन वॉचची यादीही 2023 पासून सगळ्यांना खुली आहे.

धुकेरी

साथीच्या बातम्यांबद्दल थोडं. तिथे 'आधी पूर्ण खात्री करा मगच बोला' हा नियम जसाच्या तसा चालत नाही. खात्री होईपर्यंत साथ पसरलेली असते.

प्रोमेड ही साथींच्या बातम्या गोळा करून नेटवर कळवणारी सेवा 1994 पासून हे काम करते. 10 फेब्रुवारी 2003 ला चीनच्या ग्वांगडाँगमधल्या अनोळखी आजाराबद्दल तिथे एक साधी विचारणा आली: असं असं ऐकतोय, कोणाला काही माहीत आहे का? ती पुढे सार्स निघाली. 30 डिसेंबर 2019 ला वुहानमधल्या निदान न झालेल्या न्यूमोनियाची नोंदही तिथे होती. यातलं शिकण्यासारखं म्हणजे त्यांची मांडणी. तज्ज्ञ संपादक प्रत्येक नोंद बघतात, आणि नोंद पक्की नसेल तर शीर्षकातच 'माहिती हवी आहे' असं लिहितात. बातमी आहे तितकीच सांगायची, तिच्या अंगावर खात्रीचा मुलामा चढवायचा नाही.

आपल्या कामाच्या ग्रुपमध्ये मी हेच करतो. पहिला शब्द 'पक्कं' किंवा 'अपक्कं'. मग कुठे, कधीपासून, किती जण, कोणी पाहिलं. अपक्कं असेल तर ते फक्त कळवायच्या साखळीत जातं, मोठ्या ग्रुपमध्ये नाही. आणि फोटो आला की आधी फोटोचा उलटा शोध घ्या, म्हणजे तोच फोटो नेटवर आधी कुठे आलाय ते बघा; जुन्या साथीचे फोटो प्रत्येक नव्या साथीत परत येतात.

साधाप्रश्न

फोटोवरून आठवलं. रुग्णांच्या पुरळाचे, जखमांचे फोटो ग्रुपमध्ये 'हे काय असेल?' म्हणून टाकतात. चेहरा झाकलेला असतो. ते चालतं का?

उंबरठा

चेहरा झाकला तरी हातावरचं गोंदण, मागची भिंत, फोटोखालची 'अमक्या वस्तीतली सात वर्षांची मुलगी' ही ओळ, एवढ्यावरून ओळख पटते. परवानगी विचारताना 'फोटो काढू का' असं विचारलं जातं, 'तो किती जणांना दिसेल' हे सांगितलं जात नाही. सल्ला हवा असेल तर एकाच डॉक्टरला, परवानगी घेऊन, फोटोखाली नाव-गाव न लिहिता. ग्रुपमध्ये अजिबात नाही. यावर मी तडजोड करत नाही.

टिपणवही

माहिती आपल्या भाषेत आणून वाटणाऱ्यांसाठी दोन गोष्टी, आमच्याकडे वारंवार विचारल्या जातात म्हणून.

पहिली परवानगीची. जागतिक आरोग्य संघटनेची 2016 च्या अखेरीपासूनची बहुतेक प्रकाशनं क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहेत. नफा न कमावता तुम्ही ती वाटू शकता, भाषांतरही करू शकता. अटी आहेत: मूळ प्रकाशनाचा उल्लेख हवा, तुमचं भाषांतरही त्याच परवान्याखाली खुलं हवं, आणि हे भाषांतर संघटनेने केलेलं नाही, त्याच्या अचूकतेची जबाबदारी तिची नाही, असं स्पष्ट लिहायचं. त्यांचं बोधचिन्ह वापरायचं नाही. लोक चांगल्या हेतूने स्वतःच्या पत्रकावर ते बोधचिन्ह चिकटवतात, आणि मग त्या पत्रकातली प्रत्येक चूक संघटनेच्या नावावर जमा होते.

दुसरी गोष्ट डोस लिहिण्याची. 'मि.ग्रॅ.' आणि 'मा.ग्रॅ.' यांत एका अक्षराचा फरक, औषधात मात्र हजारपट. म्हणून 'मिलिग्रॅम', 'मायक्रोग्रॅम' पूर्ण लिहा. अर्धा लिहिताना '0.5' लिहा, नुसतं '.5' लिहिलं आणि टिंब पुसट छापलं गेलं तर ते 5 होतं. पाच लिहिताना नुसतं '5' लिहा, '5.0' चं टिंब हरवलं तर 50 होतात. भाषांतर मशीनने केलेलं असेल तर प्रत्येक आकडा आणि प्रत्येक 'नाही' मूळाशी बोट ठेवून ताडून बघा. वाक्य सुबक झालं आणि त्यातला 'नाही' गळाला, हे मी प्रत्यक्ष पाहिलंय. औषध 'देऊ नये'चं 'द्यावे' झालं होतं. छपाईआधी सापडलं, कारण एक जण मूळ वाचत होती आणि दुसरी भाषांतर.

नवी_नोंद

शेवटची ओळ आमच्या ग्रुपमध्ये दुव्यासकट पाठवली आहे. :)

एक विचारू? ग्रुपमध्ये वयाने, पदाने मोठ्या माणसाने चुकीचं काही टाकलं तर काय करायचं?

ओंजळ

आधी त्यांना खाजगीत लिहा. 'सर, ही सूचना बदलली आहे असं दिसतंय, हा नवा दुवा, तुम्हीच ग्रुपवर टाकाल का?' बहुतेक जण टाकतात, आणि त्यांनी टाकलेलं लोक वाचतातही.

ते शक्य नसेल आणि माहिती धोक्याची असेल तर ग्रुपवर लिहावंच लागतं. मी सुरुवात बरोबर माहितीने करते. मग एका ओळीत, चुकीचं काय फिरतंय ते. मग ते का चूक आहे. शेवटी पुन्हा बरोबर माहिती. उदाहरणार्थ: 'साप चावल्यावर हातपाय न हलवता तडक दवाखान्यात न्या. घट्ट बांधा, कापा, चोखा असा संदेश फिरतोय. घट्ट बांधल्याने रक्तपुरवठा तुटून अवयव गमवावा लागू शकतो, आणि कापण्या-चोखण्याने विष निघत नाही, जखम वाढते. हलवू नका, दवाखान्यात न्या.' टाकणाऱ्याचं नाव कुठेही घ्यायचं नाही. मूळ चुकीचा संदेश 'हे खोटं आहे' म्हणून परत पाठवायचाही नाही. घाईत वाचणारा तो संदेशच वाचतो.

उंबरठा

आमच्याकडे बऱ्याच जणी वाचण्यापेक्षा आवाजातले संदेश ऐकतात. त्यात दुवा कसा देणार?

ओंजळ

पहिल्याच वाक्यात बोलून. 'ही सूचना अमुक वर्षाच्या, अमुक महिन्याच्या पुस्तिकेतली आहे, पान अमुक, आणि ती फक्त पाच वर्षांखालच्या मुलांसाठी आहे.' शेवटी बोललं तर कापलं जातं, म्हणून सुरुवातीलाच. एका आवाजात एकच सूचना ठेवा, एका मिनिटाच्या आत. आणि त्याच्याखाली लगेच पानाचा दुवा लेखी टाका. ऐकणारीला नाही लागला तरी तिच्या पर्यवेक्षिकेला लागेल.